स्टिअरिंग ढिलं लागतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्टिअरिंग लूज झालंय’ या एका वाक्यामागे निदान तीन वेगळे बिघाड असू शकतात. तरीही बहुतेक वेळा अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो. पैसे जातात आणि ढिलाई तशीच राहते. म्हणून या पानावर भर आहे तो शोधण्यावर: तुमच्या हाताची हालचाल रस्त्यापर्यंत कशी पोचते आणि वाटेत नेमकी कुठे हरवते. माझ्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांची पुढची बाजू मी बरीच वर्षं स्वतः उघडत आलोय. खालची उत्तरं त्या कामातून आलेली आहेत.

स्टिअरिंग ढिलं आहे म्हणजे नेमकं काय?

आधी तक्रार ओळखा. पहिला प्रकार प्ले. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं जागची हलत नाहीत, मधे एक रिकामा टप्पा लागतो. दुसरा प्रकार भरकटण्याचा. स्टिअरिंग फिरवलं की चाकं लगेच वळतात, पण सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे जाते, कधी उजवीकडे, आणि तिला सारखं सावरत राहावं लागतं. तिसरा प्रकार खेचण्याचा. हात सैल केला की गाडी दर वेळी एकाच बाजूला जाते.

प्ले असेल तर कुठला तरी जॉइंट, बुश (जोडात बसवलेलं कडं, बहुधा रबरी) किंवा बोल्ट सैल झालाय. गाडी भरकटत असेल तर संशय आधी टायर, अलाइनमेंट (चाकांचे कोन) आणि रबरी बुशांवर घ्यावा. खेचत असेल तर टायर, अलाइनमेंट किंवा पूर्ण न सुटणारा ब्रेक. लांबच्या प्रवासानंतर एका बाजूचं पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा खूपच तापलेलं असेल तर तो ब्रेक चिकटतोय. तपासताना डिस्कला हात लावू नका, चाकाजवळ तळहात धरला तरी फरक कळतो.

थरथर ही वेगळीच तक्रार. ८० ते १०० च्या वेगात ती सुरू होऊन त्यापुढे कमी होत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या.

थोडा प्ले असतोच ना? किती चालतो?

रॅक-पिनियनच्या गाडीत (स्टिअरिंगच्या टोकाचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, एका आडव्या दातेरी दांड्याला, म्हणजे रॅकला, सरकवतं), म्हणजे आजच्या बहुतेक कारमध्ये, तो अगदी थोडा असायला हवा. जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाडीत जरा जास्त चालतो. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बऱ्याच कारसाठी ती स्टिअरिंगच्या कडेवर मोजून ३० मिमीपर्यंत असते. माझं मत विचाराल तर रॅकवाल्या गाडीत १० ते १५ मिमी दिसले तरी मी शोधायला लागतो.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा आणि इंजिन चालू करा. स्टिअरिंगच्या कडेवर वरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्यामागे डॅशबोर्डवर एक पट्टी टेकवून धरा. मग दोन बोटांनी स्टिअरिंग हळूच डावीकडे न्या, चाक हलायला लागेल तिथवर. तसंच उजवीकडे. चिकटपट्टी एकूण किती मिलिमीटर फिरली तो तुमचा प्ले. चाक कधी हललं हे बघायला बाहेर दुसरा माणूस उभा करा. आत बसून ते कळत नाही.

इंजिन बंद ठेवून मोजू नका. पॉवर स्टिअरिंगच्या आत एक बारीक पिळदार दांडी असते. तुम्ही किती जोर लावताय हे ती पिळली गेल्यावर यंत्रणेला कळतं. मदत बंद असताना ही दांडी आधी पिळते आणि मग चाकं हलतात, त्यामुळे धडधाकट गाडीतसुद्धा स्टिअरिंग स्पंजासारखं लागतं. यावरून घाबरलेले कितीतरी लोक मला भेटले आहेत.

अर्ध्या अंशाने काय बिघडतं, असंही विचारलं जातं. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. तिचं तोंड अर्धा अंश जरी भलतीकडे असलं तरी तेवढ्यात ती साधारण २० सेंमी बाजूला सरकलेली असते. सरळ रस्त्यावर दोन तासांत खांदे भरून येतात ते या सततच्या सावरण्यामुळे.

गाडी चालवणं तिथेच थांबवावं अशी लक्षणं कोणती?

हे आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

प्ले एकाएकी वाढला, म्हणजे काल नव्हता आणि आज आहे. वळवताना ‘कटक’ असा आवाज येऊन स्टिअरिंगची सरळ असण्याची जागाच बदलली. चाकं सरळ असून स्टिअरिंग तिरकं, आणि तेही खड्ड्यात किंवा दगडावर आपटल्यानंतर. स्टिअरिंग मधेच अडकतं. टायर काढून पुन्हा बसवल्यावर लगेच गाडी डुलायला लागली. टायरच्या बाजूला फुगवटा आलाय.

यातलं काहीही असेल तर गाडी जागीच उभी करा आणि टोइंगवर न्या. हळूहळू नेतो म्हणू नका. टाय रॉडचा (रॅकची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोळा-खोबणीचा जोड, खोबणीतून निसटला तर त्या बाजूच्या चाकावर स्टिअरिंगचा काही ताबा राहत नाही आणि दोन चाकं दोन दिशांना बघायला लागतात. टायरचं काम झाल्यानंतर ढिलाई आली असेल तर आधी चाकाचे नट पाना लावून बघा. सैल राहिलेले नट हे साधं कारण आहे, पण त्याने चाक निघून जातं.

शोधायला सुरुवात कुठून करावी?

टायरमधल्या हवेपासून. तुमच्या हातापासून निघालेली हालचाल शेवटी रबराच्या तळहाताएवढ्या चार ठशांवर पोचते. ते ठसे लेचेपेचे असतील तर वरचे सगळे जॉइंट नवे कोरे घालूनही उपयोग नाही. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की टायरची बाजू वाकते. तुम्ही वळवता तेव्हा आधी रबर पिळतं, मग गाडी वळते. हातात येणारी जाणीव हुबेहूब प्लेसारखीच असते.

हवा थंड टायरमध्ये तपासा, म्हणजे गाडी काही तास उभी असताना. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरू नका. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, त्यामुळे हवामान बदललं की ‘अचानक’ स्टिअरिंग ढिलं वाटू लागतं. हवा जास्त झाली तरी त्रास होतोच: ठसा लहान होतो आणि गाडी उड्या मारत, घाबरल्यासारखी चालते.

मागच्या टायरांची हवाही बघा. लोक पुढच्या दोनच तपासतात. मागचं एक टायर मऊ असेल तर गाडीचा मागचा भाग डुलतो, आणि ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंगच बिघडलंय.

हवा झाली की टायरवरून हात फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टो (वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर) बिघडलाय. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) किंवा टो. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर टायर बरेच दिवस कमी हवेवर चाललाय.

नवीन टायर घातल्यापासूनच असं झालंय, का?

नव्या टायरची नक्षी खोल असते, रबराचे ठोकळे उंच असतात, ते थोडे हलतात. काही शे किलोमीटरमध्ये फरक कमी होतो. जुन्या गुळगुळीत टायरची सवय झालेल्या हाताला तो जास्त जाणवतो. मात्र टायरचा आकार बदलून बाजू उंच घेतली असेल तर मऊपणा कायम राहील, आणि रुंद टायर घेतले असतील तर रस्त्यावरच्या चाकोऱ्या गाडीला ओढत नेतात. ते टायरचं वागणं आहे, त्यासाठी स्टिअरिंग उघडू नका.

गाडी एका बाजूला खेचत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. खेचण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर ही अदलाबदल फक्त तपासण्यापुरतीच, सावकाश एक फेरी मारण्याइतकी.

प्ले नेमका कुठल्या जॉइंटमध्ये आहे हे घरी शोधता येतं का?

येतं, आणि त्यासाठी एकच चाचणी सांगायची तर मी ही सांगेन. गाडी चारही चाकांवर, जमिनीवर उभी. किल्ली एक टप्पा फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवलेलं, इंजिन बंद (इथे प्ले मोजायचा नाही, फक्त सैल जागा शोधायची आहे), हँडब्रेक ओढलेला. एक माणूस आत बसून स्टिअरिंग घड्याळाच्या ११ ते १ इतकंच डावी-उजवीकडे हलवत राहतो, झटक्याने पण जोर न लावता. दुसरा खाली बघतो. जमिनीवर उभ्या टायरची पकड चाकाला सहज वळू देत नाही, त्यामुळे साखळीत जिथे जागा सैल असेल तिथेच हालचाल दिसते. जॅकवर चाक मोकळं लोंबतं तेव्हा हे कळत नाही.

बघायचा क्रम वरून खाली ठेवा. आधी ड्रायव्हरच्या पायांजवळ स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) जिथे खाली जातो तिथला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातून फिरणं पुढे नेणारा जोड. त्याची वरची बाजू फिरते आणि खालची उशिरा फिरते का? तिथला आवळणीचा बोल्ट सैल नाही ना? मग रॅक. तो बॉडीला बांधलेल्या जागी सरकतो का? मग रबरी घडीच्या आतला रॅक एंड, म्हणजे रॅकच्या टोकाचा जोड. शेवटी चाकाजवळचा टाय रॉड एंड.

बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. तर्जनी अशी टेकवा की तिचा अर्धा भाग टाय रॉड एंडच्या कडेवर येईल आणि अर्धा ज्या आर्ममध्ये त्याची पिन बसते त्यावर. वर स्टिअरिंग हलतंय. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही भाग एकत्र हलतात, बोटाला एकच वस्तू लागते. गेलेला असेल तर बोटाखाली बारीकसा ‘टिक’ जाणवतो, दाराची सैल कडी हलावी तसा. कानाला आवाज येण्याच्या कितीतरी आधी तो बोटाला येतो. माझ्या भावाच्या गाडीत वहिनी स्टिअरिंग हलवत होत्या, मी डाव्या बाजूला बोट ठेवलं आणि काही लागलं नाही. उजव्या बाजूला पहिल्याच झटक्यात टिक. तिथलं रबराचं टोपण फाटलेलं होतं, ग्रीस बाहेर येऊन धुळीत कालवून काळ्या पेंडीसारखं झालेलं, आणि पिनेच्या गळ्याशी गंजाची तांबूस रेघ. पाणी आत गेलं की जॉइंट किती लवकर जातो ते त्या एका रेघेत दिसत होतं.

सावधगिरी: खाली जायचं असेल तर गाडी पिटवर किंवा रॅम्पवर हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका, खाली स्टँड लावा. हलवणारा माणूस तुम्ही सांगितल्याशिवाय झटका देणार नाही असं आधी ठरवून घ्या.

जॅकवर चाक हलवून बघतात ते कशासाठी?

वेगवेगळी ढिलाई वेगळी काढण्यासाठी. चाक डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि खटखट लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. १२ आणि ६ वर धरून हलवल्यावर लागली तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्हीकडून लागली तर बहुधा बेअरिंग.

बॉल जॉइंट की बेअरिंग, हे ठरवायला सोपी युक्ती आहे. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा १२-६ हलवा. खटखट थांबली तर बेअरिंग, कारण ब्रेकने हब (चाक बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) एकत्र बांधले गेले. तशीच राहिली तर जॉइंट.

जॅक कुठे लावला यावरही बरंच अवलंबून असतं. ज्या गाडीत स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असते तिथे जॅक चेसिसखाली लावला तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि खराब जॉइंटही चांगला वाटतो. अशा गाडीत जॅक लोअर आर्मखाली लावून जॉइंटवरचा भार काढावा लागतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ऍब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) गाडीत चाक मोकळं लोंबत ठेवून तपासलं तरी चालतं.

टाय रॉड एंड आणि रॅक एंड यांतला कुठला गेलाय?

चाकाजवळ दिसतो तो टाय रॉड एंड. रॅक एंड रबराच्या घडीदार पिशवीत झाकलेला असतो, म्हणून तो सुटून जातो. पिशवी मुठीत दाबून आतला गोळा बोटांनी पकडा आणि वर स्टिअरिंग हलवायला सांगा. आत ठोका लागला तर रॅक एंड. पिशवी फाटलेली असेल तर आतल्या दांड्यावर धूळ-पाणी जाऊन पुढे रॅकही जाणार, त्यामुळे ती फाटलेली पिशवी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

रॅकच बदलावा लागेल असं सांगितलंय. बदलू का?

खात्री झाल्याशिवाय नको. मला स्वतःला हे एकदा सांगण्यात आलं होतं. एका गॅरेजने गाडी फिरवून पाहिली, दहा मिनिटांत ‘रॅक गेलाय’ म्हणून सांगितलं आणि मोठं एस्टिमेट हातात दिलं. घरी येऊन मी वरची चाचणी केली. टाय रॉडला टिक नाही, रॅक एंडला नाही. मग टॉर्च रॅकच्या मधोमध धरला तर अख्खा रॅक आपल्या पट्ट्यातल्या रबरासकट तीन-चार मिलिमीटर इकडून तिकडे जात होता. आतले दाते धडधाकट, फक्त त्याला धरून ठेवणारं रबर मऊ होऊन चिरलेलं. ते रबर बदललं आणि पट्ट्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराच्या मापाला) आवळले. गाडी दुसऱ्या दिवशी वेगळीच वाटली.

रॅकच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. बांधणीचं रबर आणि बोल्ट. पिनियनपासून दूरच्या टोकाला असलेला आतला बुश: तो झिजला की रॅकचा दांडा वर-खाली हलतो आणि बारीक खडीवर, ओबडधोबड रस्त्यावर खडखड येते. आणि तिसरी म्हणजे दात्यांची झीज. ती मधोमध जास्त असते, कारण गाडी आयुष्यभर बहुतांश सरळच चालते. सरळ असताना प्ले आणि पूर्ण वळवल्यावर प्ले नाही, असं असेल तर दाते झिजले असावेत. तेव्हा मात्र रॅक बदलणं योग्य.

रॅकवरचा ऍडजस्टिंग नट थोडा आवळला तर प्ले जातो म्हणतात. खरं आहे?

तात्पुरता जातो. तो नट आतल्या स्प्रिंगमागे असतो आणि रॅकला पिनियनवर दाबून धरतो. दाते मधेच झिजलेले असताना मधल्या जागेच्या हिशोबाने तो आवळला, तर न झिजलेल्या टोकांकडे दाते एकमेकांत रुततात. मग वळणावरून बाहेर येताना स्टिअरिंग परत येत नाही, हाताने आणावं लागतं. कधी अडकतंही. मॅन्युअलमधली पद्धत आणि टॉर्क हातात असल्याशिवाय त्या नटाला पाना लावू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

प्ले कुठेच नाही, टायर चांगले आहेत, तरी गाडी सरळ चालत नाही. आता?

आता अलाइनमेंट आणि बुश. पण या क्रमानेच: आधी सैल जॉइंट आणि बुश दुरुस्त, मग अलाइनमेंट. ढिल्या गाडीवर घेतलेलं माप मशीनवरून उतरताच बदलतं.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की बाहेर. पुढची चाकं बाहेर बघत असतील तर रस्त्यावरचा प्रत्येक लहान चढउतार एखाद्या चाकाला आपल्याकडे ओढतो आणि गाडी सारखी इकडेतिकडे होते. थोडा आत असलेला टो गाडीला शांत ठेवतो. तुमच्या गाडीसाठी किती, हे कंपनीच्या मापावरूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसा. या कलामुळे स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ येतं. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं, पोकळ लागतं आणि वेगात गाडीला आधार उरत नाही. दोन बाजूंचा कॅस्टर वेगळा असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला खेचते. बऱ्याच स्ट्रटवाल्या गाड्यांमध्ये कॅस्टर ऍडजस्ट होतच नाही. तिथे तो मापात नसेल तर काहीतरी वाकलंय, बुश गेलाय किंवा सबफ्रेम (पुढचे आर्म धरणारी खालची चौकट) जागेवरून सरकलीय. ‘ऍडजस्ट होत नाही, जाऊ दे’ हे उत्तर घेऊ नका, का बदलला ते विचारा. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मापं छापून मागा.

डिक्कीत कायम जड सामान असेल तर तेही काढून बघा. मागून दबलेल्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात.

ब्रेक मारला किंवा ऍक्सिलरेटर सोडला की गाडी कूस बदलते. स्टिअरिंगचा दोष?

बहुधा लोअर आर्मच्या बुशाचा, विशेषतः मागच्या मोठ्या बुशाचा. ब्रेक लावला की चाक मागे ढकललं जातं, वेग घेताना पुढे ओढलं जातं. बुश फाटलेला असेल तर आर्म या ओढाताणीत सरकतो आणि त्याच्याबरोबर चाकाची दिशाही बदलते. तपासायला आर्मच्या बुशाजवळ पहार घालून हलकेच दाबा. रबर लवचीक असतं, थोडं हलणारच, पण धातू रबरापासून सुटलेला किंवा चीर आरपार उघडलेली दिसली तर बुश गेला.

बदलताना एक गोष्ट नक्की सांगा: बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ‘नवे बुश टिकतच नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

मागच्या चाकांचा स्टिअरिंगशी काय संबंध?

खूप. लेन बदलताना गाडी एकदा वळते आणि क्षणभराने मागून आणखी एक लहानशी हालचाल येते, असं वाटत असेल तर मागच्या ऍक्सलचे बुश, मागचा टो आणि मागची बेअरिंग बघा. पुढचं सगळं बदलूनही तक्रार जात नसेल तेव्हा मी आधी मागे जातो. अलाइनमेंट चारही चाकांची करा, फक्त पुढची नको.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

ही ढिलाई नाही, अडकण आहे. पण हाताला दोन्ही सारखंच अनिश्चित वाटतं, म्हणून गल्लत होते. सरळ चालताना एका बाजूला थोडं सावरलं की गाडी त्याच बाजूला जात राहते, मग उलटं सावरलं की तिकडे. स्ट्रटच्या वरचं बेअरिंग जाम झालेलं असतं, कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलेला असतो, किंवा एखादा बॉल जॉइंट सुका पडून घट्ट झालेला असतो. स्ट्रटच्या वरच्या टोकाजवळ स्प्रिंगवर हात ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग वळवायला सांगा. स्प्रिंग सावकाश फिरायला हवी. थांबून थांबून, झटक्याने उडी मारल्यासारखी फिरत असेल तर वरचं बेअरिंग गेलंय.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग मुळातच असं ‘मेलेलं’ लागतं का?

काही गाड्यांत मदत जास्त दिलेली असते, त्यामुळे स्टिअरिंग हलकं असतं आणि रस्ता हाताला कमी कळतो. हलकं म्हणजे ढिलं नव्हे. चाकं लगेच वळत असतील तर तो त्या गाडीचा स्वभाव आहे.

पण बिघाडही असतात. मोटर कॉलमवर बसवलेली असते तिथे मोटर आणि गिअर यांच्यामध्ये काही गाड्यांत रबराचं लहान कपलिंग असतं. ते झिजलं की डॅशबोर्डखालून टकटक येते आणि मधोमध थोडी पोकळी लागते. शिवाय स्टिअरिंग, कॉलम किंवा अँगल सेन्सरचं काम झालं असेल तर सेन्सरचा शून्य बिंदू स्कॅनरने पुन्हा ठरवावा लागतो, नाहीतर मदत डावी-उजवीकडे सारखी मिळत नाही.

पॉवर स्टिअरिंग ऑइल कमी झालं तर ढिलं लागतं?

नाही, जड लागतं आणि पंप कण्हतो. पण ऑइल कमी होत असेल तर गळती शोधाच.

जुन्या गाडीत रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स आहे. तिथे काय बघू?

तिथे साखळी लांब असते: बॉक्स, पिटमन आर्म, मधली लिंक, आयडलर आर्म, टाय रॉड. प्रत्येक जोडात थोडी झीज धरली तरी बेरीज मोठी होते. तपासणी तीच, जमिनीवर उभ्या गाडीवर, फक्त जोड जास्त. आयडलर आर्म (मधल्या लिंकचं बॉक्सपासून दूरचं टोक धरणारा) बहुतेक जण विसरतात. तो वर-खाली हलत असेल तर टो चालत्या गाडीत बदलत राहतो. बॉक्स चेसिसला बांधणारे बोल्टही बघा, आणि त्या बोल्टांभोवती चेसिसला तडा आहे का तेही. बॉक्सवरचा स्क्रू आवळणं सगळ्यात शेवटी, मॅन्युअलप्रमाणे.

सलग पुढचा ऍक्सल असलेल्या गाडीत खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं जोरात थडथडायला लागली तर वेग हळूहळू कमी करा आणि गाडी उभी करा. आडव्या ट्रॅक बारचे (ऍक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश आणि बोल्ट यांपासून शोध सुरू करा.

एका बाजूचा टाय रॉड एंड गेला तर दोन्ही बदलावेत का?

दुसरा तपासून ठरवा. दोन्ही तेवढेच चाललेले असतील तर एकदाच बदललेले बरे, कारण कुठलाही एक बदलला तरी टो पुन्हा लावावाच लागतो. काढताना किती आटे फिरले ते मोजून नवा तेवढेच आटे बसवा, म्हणजे अलाइनमेंटला जाईपर्यंत गाडी निदान चालवण्याजोगी राहते. स्प्लिट पिनसाठी खाचा असलेला नट टॉर्कला आवळल्यावर भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवा, कधीही मागे सोडू नका. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की नवा घाला. टाय रॉडचा चेक नट (लांबी पक्की धरणारा नट) आवळायला विसरू नका.

गॅरेजमध्ये नेमकं काय सांगू?

‘स्टिअरिंग लूज आहे, बघा’ इतकंच सांगू नका. कुठल्या वेगात, कुठल्या रस्त्यावर, ब्रेक लावताना की नुसतं चालताना, गाडी रिकामी असताना की भरलेली, कधीपासून आणि त्याआधी कुठलं काम झालं होतं, हे सांगा. प्ले मोजला असेल तर मिलिमीटर सांगा. मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्हीच गाडी चालवा आणि ज्या क्षणी जाणवतं त्याच क्षणी ‘हे बघा’ म्हणा.

कुठला पार्ट गेलाय असं ते म्हणाले की तो हलताना दाखवायला सांगा. खाली वाकून आपल्या डोळ्यांनी बघा, जमल्यास वर सांगितल्याप्रमाणे बोट ठेवून बघा. चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवतो. काम झाल्यावर काढलेला जॉइंट परत मागा आणि त्याची पिन अंगठ्याने ढकलून बघा. चांगल्या जॉइंटची पिन घट्ट, सारख्या जोराने फिरते. तुमच्या हातातली पिन आपल्याच वजनाने एका बाजूला कलंडली तर बरोबर पार्ट निघाला आहे.